सव्वा आण्याचं जांभळं तिकीट

किस्से कोणी मुद्दाम गोळा करत नाही. चार माणसं दर रविवारी एकाच टेबलाभोवती बसली आणि त्यातली दोन जरी हट्टी असली, तरी ते आपोआप साठत जातात. आमच्यात तर चारही हट्टी होते! त्यामुळे आता मित्रमंडळी जमली आणि कोणी नुसतं "पोस्ट" म्हटलं, तरी माझी गाडी सुरू होते. घरचे उठून आत जातात. तुम्ही बसा.

सत्तरचं दशक उतरणीला लागलं होतं तेव्हाची ही गोष्ट. नाशकात रविवार कारंजावर आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस होतं. रविवारी अशिलं येत नसत, टेबल मोकळं असे. त्यावर आम्ही इंग्रजांच्या काळातली टपाल तिकिटं पसरून बसायचो. राणीच्या मुंडक्यापासून पाचव्या-सहाव्या जॉर्जपर्यंत. मी कॉलेजात केमिस्ट्रीचा डेमॉन्स्ट्रेटर, म्हणून माझं नाव 'लॅबवाले' पडलं. वकीलसाहेबांकडे इंग्लंडहून मागवलेले जाडजूड कॅटलॉग होते आणि त्याहून जाड अभिमान होता.

पण खरा माणूस म्हणजे पगारे नाना. नाशिकरोडला तिकिटांच्या सरकारी छापखान्यात त्यांचा जन्म गेला. छापलेल्या शीटला भोकं पाडायच्या मशीनवर. विशीच्या आत चिकटले ते थेट रिटायर होऊनच बाहेर पडले. शिक्षण सातवी. गंमत म्हणजे नानांकडे स्वतःचं एकही तिकीट नव्हतं! विचारलं तर म्हणायचे, "हलवायाच्या घरी कोणी पेढे साठवतं का?"

या नादात नकली माल फार. हुबेहूब छापलेली तिकिटं, मागून मारलेले शिक्के, पुसून काढलेली शाई, काय वाट्टेल ते. म्हणून आमच्यात एक रिवाज पडला होता. नवीन तिकीट आणलं की आधी नानांसमोर ठेवायचं. नाना बघायचे, कडेवरून बोट फिरवायचे आणि तिकीट परत ठेवायचे. सुलटं ठेवलं तर खरं. उलटं ठेवलं तर खोटं. तोंडानं एक शब्द नाही. उलटं पडलेलं तिकीट मालकानं मुकाट्यानं 'खोट्यांच्या वहीत' चिकटवायचं आणि खाली कबुली लिहायची, की मी अमुक ठिकाणी असा असा फसलो. त्या वहीत सगळ्यांत जास्त पानं वकीलसाहेबांची होती.

*

सुरुवातीला वकीलसाहेबांचा नानांवर विश्वास नव्हता. "बोटानं तिकीट कळतं? मग पोपट आणून बसवू या की!"

एका रविवारी त्यांनी नानांच्या डोळ्यांवर रुमाल बांधला आणि सात तिकिटं पुढ्यात ठेवली. नानांनी एकेकाच्या कडेच्या दात्यांवरून बोट फिरवलं. पाच सुलटी ठेवली. एक उलटं. सातवं हातात घेतलं आणि थांबले.

"वकीलसाहेब, हे टपालाचं तिकीटच नाही. तुमच्या कोर्ट फीच्या स्टॅम्पचा तुकडा आहे. आज सकाळी ब्लेडनं कापलाय. चहाच्या आधी."

वकीलसाहेब चाट! "तुकडा ठीक आहे. पण चहाच्या आधी हे कशावरून?"

"धार वाकडी आलीय," नाना म्हणाले. "चहाशिवाय तुमचा हात थरथरतो."

त्या दिवसापासून पोपटाचं नाव निघालं नाही.

*

बोरस्ते भाऊ आमच्यात आले ते नंतर. निफाडकडचे द्राक्षबागायतदार. पहिल्या दिवशी आले ते द्राक्षाची एक पेटी घेऊन. आम्ही म्हटलं, वा! पेटी उघडली तर आत गवतावर, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेलं एक पाकीट. पिवळं पडलेलं, कोपरे झिजलेले. वर पाचव्या जॉर्जचं सव्वा आण्याचं जांभळं तिकीट, त्यावर कराचीचा शिक्का. मागे निफाडचा शिक्का.

"मला तिकिटातलं काय कळत नाय," भाऊ म्हणाले. "माझ्या आत्याचा एकच सवाल हाय. हे पत्र खरं का खोटं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून आमचा चहा गार झाला. आत्याचं सासर सायखेड्याकडचं. लग्नाला दोन वर्षं झाली आणि नवरा कमवायला कराचीच्या बंदरात गेला. काही महिन्यांनी हे पत्र आलं. त्याला लिहिता येत नव्हतं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. "दिवाळीला येतो. तोवर तिला माहेरी धाडू नका." दिवाळी आली, तो आला नाही. पुढेही कधी आला नाही. थोरला दीर म्हणाला, "त्यानं तर हिला टाकली. हे पत्र हिच्या भावानं घरी बसून केलंय, वर तिकीट चिकटवलंय." पाकीट तिच्या पुढ्यात फेकलं आणि तिला माहेरी आणून सोडलं. तो भाऊ म्हणजे आमच्या बोरस्ते भाऊंचे वडील.

"वडील जाताना बी म्हनले, म्या लिव्हलं नाय," भाऊ सांगत होते. "पन आत्याला वाटतं, भावानं माझ्या मायेपायी केलं बी असंल. पंचेचाळीस वर्सं झाली. आता ती थकली. म्हनती, नवऱ्यानं टाकलं का माझा इचार केला, येवढंच मला कळू द्या."

वकीलसाहेब लगेच पुढे सरसावले. "तिकीट उचलावं लागेल. मागचा वॉटरमार्क बघितला की झालं."

"तेवढं नाय जमायचं. आत्याची आन हाय. म्हनती, खरं असंल तर ते त्यांनी सोता जिभेनं लावलंय."

नानांनी पाकीट घेतलं. भिंगातून पाहिलं, तिकिटाच्या कडेवरून हळूच बोट नेलं, मग शिक्के पाहिले. बराच वेळ. नानांनी पाकीट ना उलटं ठेवलं, ना सुलटं. बोरस्ते भाऊंच्या हातात दिलं.

"मला वेळ द्या," ते म्हणाले.

नानांनी वेळ मागितल्याचं आम्ही पहिल्यांदाच पाहत होतो.

*

बोरस्ते भाऊ दर रविवारी यायला लागले. आल्या आल्या "नाना, आत्या इचारती," म्हणायचे. नाना म्हणायचे, "सांगतो." मग भाऊ बसून राहायचे. बसून बसून त्यांनाही तिकिटांचा नाद लागला. असा लागला की पिंपळगाव बसवंतच्या रद्दीवाल्यांकडून जुनी पाकिटं पोत्यानं आणायला लागले.

एकदा धावतपळत आले. "लॅबवाले, हे बघा! अर्ध्या आण्याचं हिरवं असतंय ना? हे निळं हाय!"

खरोखर निळं होतं. आकाशी झाक असलेलं, सुंदर. वकीलसाहेबांनी तिन्ही कॅटलॉग उघडले. कुठेच उल्लेख नाही. त्यांचे हात पुन्हा थरथरायला लागले, आणि या वेळी चहा झालेला होता! "भाऊ, ही अज्ञात छटा आहे. आपण लेख लिहू. लंडनला पाठवू."

नानांनी तिकीट पाहिलं. दाते खरे, कागद खरा. सुलटं ठेवलं. पण चेहरा काही खरा दिसेना. म्हणाले, "लॅबवाले, याला जरा कॉलेजात नेऊन आणा."

मी दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये कोपऱ्याचा कणभर डाग तपासला. तांबं! पुढच्या रविवारी भाऊंना विचारलं, "तिकिटं ठेवता कुठे?"

"पंपाच्या खोलीत. का?"

"आणि बागेवर काय मारता?"

भाऊंनी कपाळावर हात मारला. मोरचूद आणि चुना! द्राक्षावर करपा येऊ नये म्हणून फवारतात तेच. शिंतोडे उडाले होते. खोट्यांच्या वहीत नोंद झाली, "तिकीट खरं. रंग खोटा. बनवणारा : आमची थॉमसन द्राक्षाची बाग." वकीलसाहेबांनी लेखाची दोन पानं लिहून ठेवली होती. ती पुढे कधी कोणाला दिसली नाहीत.

*

मुंबईचा एक डीलर यायचा. सफारी सूट, चामडी बॅग, बोलणं गोड. संस्थानांची तिकिटं विकायचा. म्हणजे इंग्रजांचंच तिकीट, त्यावर काळ्या शाईत संस्थानाचं नाव छापलेलं. नाव आलं की साध्या तिकिटाचा भाव चढतो. म्हणून ते नाव मागाहून छापून देणारे कारागीरही निघाले होते.

त्यानं असं एक वापरलेलं तिकीट टेबलावर ठेवलं. "राजघराण्याच्या खासगी दप्तरातून आलेलं आहे."

नानांनी भिंग लावलं आणि तिकीट उलटं ठेवलं. डीलर भडकला. "कारण सांगा! मी काही तुमच्या वहीतला नाही."

नानांनी शांतपणे तिकीट पुन्हा सुलटं केलं आणि भिंग त्याच्या हातात दिलं. "पोस्टाचा शिक्का बघा. त्याच्यावर संस्थानाच्या नावाची शाई बसलीय. खाली नाही, वर."

"मग?"

"मग काय? म्हणजे आधी पत्र पोचलं आणि नंतर संस्थान स्थापन झालं!"

वकीलसाहेब टेबलावर हात आपटून हसले. डीलर मात्र हुशार माणूस. बॅग बंद करता करता म्हणाला, "नाना, तुमच्यासारखा माणूस आमच्या धंद्यात हवा होता."

"साहेब, तुमच्यासारख्यांसाठीच तर आम्हाला पगार होता," नाना म्हणाले आणि त्याच्यापुढे बिस्किटाची बशी सरकवली.

जाताना बोरस्ते भाऊंनी पुन्हा विचारलं, "नाना, आत्या इचारती." आणि नाना पुन्हा म्हणाले, "सांगतो." पण या खेपेला त्यांनी भाऊंकडून पाकीट मागून घेतलं आणि दोन्ही शिक्क्यांवर तेच भिंग धरून बसले.

*

दीड वर्ष असंच गेलं. त्या थंडीत आत्याला न्यूमोनिया झाला. निभावल्या, पण भाऊंचा धीर सुटला. वकीलसाहेबांना ते बघवेना. त्यांनी भाऊंना पटवलं आणि नानांना न सांगता पाकीट मुंबईच्या एका नामांकित तज्ज्ञाकडे रजिस्टरनं पाठवलं.

महिन्याभरानं सर्टिफिकेट आलं. इंग्रजीत, जाड कागदावर, खाली लफ्फेदार सही. मजकूर दोन ओळींचा. तिकीट बनावट. पाकीट संग्रहात ठेवण्यालायक नाही.

बोरस्ते भाऊंनी सर्टिफिकेट खिशात ठेवलं, परत काढलं, परत ठेवलं. धडधाकट माणूस, पण त्या दिवशी खुर्चीत मावेल एवढाच झाला होता. शेवटी म्हणाले, "म्हंजे आमच्या बापानंच केलं."

नाना तेवढ्यात जिना चढून आले. त्यांनी कागद वाचून घेतला आणि म्हणाले, "बरोबर आहे. ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

मी नानांवर कधी चिडलो नव्हतो. त्या दिवशी चिडलो. "मग दीड वर्ष त्या म्हातारीला झुलवत का ठेवलंत?"

"ऐका लॅबवाले. सव्वा आण्याची ही तिकिटं निघाली तेव्हा मी मशीनवर नवा लागलो होतो. हे आमच्याकडचं नाही. ही भोकं शिलाई मशीनच्या सुईची आहेत. तिकीट खोटं, हे मी चहा निवायच्या आत सांगितलं असतं. पण भाऊंच्या आत्यानं तिकिटाचं कुठे विचारलंय? त्यांनी पत्राचं विचारलंय."

"फरक काय?" वकीलसाहेब म्हणाले.

"वकील तुम्ही, आणि मला विचारता? निफाडच्या माणसाला घरबसल्या खोटं पत्र करायचं असतं, तर तो पोस्टात गेला असता आणि खरं तिकीट घेऊन आला असता. तिथे खोटं तिकीट मिळणार कुठून? असली तिकिटं छापून खपवायला मोठं शहर लागतं. बंदर लागतं."

बोरस्ते भाऊंनी खुर्ची पुढे ओढली.

"निफाडचा शिक्का मी जुळवलाय, भाऊंच्या पोत्यातल्या पाकिटांशी," नाना पुढे म्हणाले. "अडलंय ते कराचीपाशी. तो शिक्का कराचीच्या पोस्टाचाच, एवढं दाखवता आलं की झालं. पण कराचीची पाकिटं माझ्याकडे नाहीत. ज्यांच्याकडे आहेत, ते कोणाला हात लावू देत नाहीत."

आम्ही सगळ्यांनी वकीलसाहेबांकडे पाहिलं.

*

वकीलसाहेबांची कराचीची पेटी म्हणजे त्यांचा जीव. त्यांच्या वडिलांचा कराचीच्या व्यापाऱ्यांशी पत्रव्यवहार असे, त्यातली सगळी पाकिटं. त्यांच्या सौभाग्यवतींनीसुद्धा ती पेटी बाहेरूनच पाहिली होती. वकीलसाहेब उठले, कपाट उघडलं आणि पेटी आणून टेबलावर ओतली. ठेवली नाही. ओतली!

"घ्या," ते म्हणाले. "मी त्या मुंबईवाल्याला पाठवायलाच नको होतं."

तीन रविवार आम्ही चौघं मान मोडून बसलो. नाना सांगत होते तसं शोधत होतो. शिक्का लोखंडी असतो, रोजच्या आपटण्यानं त्याचा कुठेतरी टवका उडतो. आत्याच्या पाकिटावरच्या शिक्क्याच्या गोलाला खाली डावीकडे असा एक टवका होता.

तिसऱ्या रविवारी तो सापडला. मला नाही, नानांना नाही. बोरस्ते भाऊंना! फवाऱ्याच्या मोरचुदानं निळी झालेली नखं एका पाकिटावर थांबली. त्याच महिन्यातलं, आत्याच्या पत्रानंतर चार दिवसांनी वकीलसाहेबांच्या वडिलांना आलेलं. तोच गोल, तोच टवका, त्याच जागी.

नानांनी दोन्ही पाकिटं शेजारी शेजारी धरली. मग भिंग खाली ठेवून चष्मा काढला आणि पुसत बसले. चष्मा स्वच्छ होता.

"भाऊ," ते म्हणाले, "गाडी काढायला सांगा वकीलसाहेबांना."

*

निफाडच्या पुढे बोरस्ते भाऊंचा मळा. छाटणी नुकतीच उरकली होती, बागेत काड्यांचे ढीग पडले होते. आत्या ओट्यावर बसून शेंगा फोडत होत्या. बारीकशा, ताठ. कपाळावर कुंकू. पंचेचाळीस वर्षं लोकांनी विचारलं असेल, कुणाच्या नावाचं लावतेस म्हणून. मला त्यांच्याकडे बघवेना.

नाना त्यांच्यासमोर खाली बसले. पाकीट दोन्ही हातांनी त्यांच्या पुढे धरलं. सर्टिफिकेटसुद्धा लपवलं नाही.

"आत्या, आधी वाईट सांगतो. हे तिकीट खोटं आहे."

आत्यांचा शेंगा फोडणारा हात थांबला.

"पण शिक्का खरा आहे. कराचीच्या पोस्टाचा. तिथल्या माणसानं स्वतःच्या हातानं मारलेला. मागचा निफाडचा शिक्काही खरा. हे पत्र तिथे पेटीत पडलं आणि आगगाडीनं इथवर आलं. यात तुमच्या भावाचा हात नाही."

"मंग तिकीट खोटं कसं?"

"तिथे बाजारात अशी खोटी तिकिटं करून विकत असतील. ज्यानं घेतली, त्याला ती खरीच वाटली."

आत्या त्या जांभळ्या तिकिटाकडे बघत राहिल्या. वकीलसाहेबांना गप्प बसणं कधी जमत नाही, ते पटकन म्हणाले, "आत्याबाई, अशी पोस्टालाही फसवून गेलेली तिकिटं फार दुर्मिळ! खऱ्यापेक्षाही दुर्मिळ!" कोणी त्यांच्याकडे लक्ष दिलं नाही.

"म्हंजे," आत्या सावकाश म्हणाल्या, "कराचीत कुनीतरी त्यांला खोटं तिकीट इकलं?"

"हो आत्या."

"आन् त्यांनी ते घेतलं?"

"हो."

"त्यांला कळलं बी नाय?"

"पोस्टालाच कळलं नाही, त्यांना कुठून कळणार?" नाना म्हणाले.

आत्यांनी पदर तोंडाला लावला. खांदे हलायला लागले. बोरस्ते भाऊ घाबरून पुढे झाले. पण आत्या रडत नव्हत्या. हसत होत्या! हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायचंही त्यांना भान नव्हतं.

"सायखेड्याच्या बाजारातून म्हैस आनली व्हती त्यांनी," त्या म्हणाल्या. "दुभती म्हनून. निघाली भाकड. पुढल्या वर्साला त्याच मानसाकून दुसरी आनली. ती बी भाकड!"

त्यांनी पाकीट नानांच्या हातून घेतलं आणि भाच्याकडे वळल्या.

"तुझ्या बापाला कुनी फशिवलं नसतं रे पोरा. हे त्यांचंच पत्र हाय!"